चाळीस तांब्यांचा एक तांब्या

हॅरिसबर्गजवळ, पेनसिल्व्हेनिया
२४ मार्च

तीर्थरूप आई व अण्णा यांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

येथील सर्व क्षेम. ‘क्षेम’ लिहिताना पेन जरा अडखळलं, कारण स्वयंपाकघराच्या एका भिंतीचा कागद सध्या वळकटी होऊन कोपऱ्यात उभा आहे आणि एक पातेलं कायमचं कामातून गेलं आहे. पण माणसं चारही धडधाकट आहेत.

रविवारी गोट्या फोनवर “आजी, आमच्याकडे बंब आला होता!” एवढं ओरडला आणि नेमकी तेव्हाच फोनची बॅटरी मेली. नंतर मी ‘काळजी करू नका’ असा निरोप पाठवला, आणि तो वाचून तू देव पाण्यात ठेवलेस असं अण्णांकडून कळलं. फोनवर सांगायला गेलो की तू पहिल्याच वाक्याला “तरी मी म्हणत होते, पोरांना शाळेतून काढू नका” म्हणणार, म्हणून हे सविस्तर पत्र. यात तुला मध्येच बोलता येणार नाही.

तुझा राग मला समजतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईची नातवंडं घरी बसून शिकतात, हे गल्लीत सांगायचं कसं? कारण तेच, जे तुला मागे सांगितलं. तुझ्या सुनेची इस्पितळात रात्रपाळी असते. पोरं शाळेत जायची तेव्हा ती झोपलेली, पोरं घरी यायची तेव्हा ती निघालेली. आई आणि मुलं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून बोलत होती. आता ती दुपारी उठते आणि तिघं मिळून काहीतरी उद्योग काढतात. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो आणि खालून काय आवाज येतो त्यावरून आज कुठला विषय चालू आहे ते ओळखतो.

आणि ‘दिवसभर उंडारतात’ म्हणतेस, तर ऐक. इथे उंडारण्याचीही नोंद ठेवावी लागते. या राज्याने १९८८ साली घरच्या शिक्षणाचा कायदा केला आणि त्यात तुमच्या जिल्हा परिषदेला लाजवील इतका कागद भरलाय. वर्षाचे १८० दिवस, नाहीतर प्राथमिकला ९०० तास भरलेच पाहिजेत. काय वाचलं त्याची यादी त्या-त्या वेळी लिहायची. कामाचे नमुने फायलीत लावायचे. मान्यताप्राप्त परीक्षक जूनअखेरपर्यंत मुलांशी बोलून, फाईल चाळून दाखला देणार. तिसरी, पाचवी आणि आठवीला वर परीक्षाही, म्हणजे चिऊची यंदा आहेच.

हे सगळं सुरू करण्याआधी शपथपत्र, आणि पुढे दर वर्षी १ ऑगस्टच्या आत पुन्हा. आपल्याकडे नोटरी कोर्टाबाहेर टेबल मांडून बसतो, मला इथला सापडला तो मोटारींच्या नंबरपाट्या मिळणाऱ्या दुकानात. त्याच्यासमोर मी लिहून दिलं, की मी बारावी पास आहे. (अण्णा, माझ्या बारावीच्या मार्कांवर तुम्ही तेव्हा जे बोललात ते त्याला सांगितलं नाही.) पुढे लिहायचं, की घरातल्या कुणाही मोठ्या माणसाला गेल्या पाच वर्षांत अमुक अमुक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नाही. बांधावरून अण्णांनी पाटलांच्या गड्याचं खोरं ओढ्यात फेकलं होतं ती गोष्ट आठवून मी क्षणभर थबकलो. पण तिला चाळीस वर्षं झाली, आणि अण्णा राहतात कागलला.

विषयांची यादी लांबलचक. भाषा, गणित, विज्ञान, भूगोल, देशाचा इतिहास, वर या राज्याचा वेगळा इतिहास, चित्रकला, संगीत. शिवाय एक विषय खास नाव घेऊन सांगितलेला: आगीचे धोके आणि आगीपासून बचाव, आणि तेही ‘नियमित व सतत’. ऑगस्टमध्ये मी यावर हसलो होतो.

आता मूळ गोष्ट.

आमच्या परसात मेपलची चार झाडं आहेत. हिवाळा सरता सरता, रात्री पाणी गोठेल आणि दिवसा वितळेल असे दिवस आले की या झाडांतून गोड पाणी पाझरतं. ते आटवलं की पाक होतो, इथली माणसं तो नाश्त्याला ओतून खातात. चिऊने हे पुस्तकात वाचलं आणि संध्याकाळी मला सांगितलं, “बाबा, ही आपली काकवीच आहे, फक्त ऊस उभा राहून झाड झालाय.” झालं. गुऱ्हाळवाल्याची नात ती.

आता थंडी कधी सरणार? इथे २ फेब्रुवारीला पंक्सटॉनी नावाच्या गावात खारीच्या कुळातल्या एका गलेलठ्ठ प्राण्याला बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे. १८८७ पासून हे चाललंय, टोपीवाले प्रतिष्ठित लोक गंभीर चेहऱ्याने त्याचं म्हणणं जाहीर करतात. पाऊसपाणी सांगणाऱ्या आपल्या भेंडवळच्या घटमांडणीतल्या पुरी-पापडांचंच हे भावंड, एवढंच की पापडाला पळून जाता येत नाही. गोट्याचा त्या प्राण्यावर विश्वास नाही. त्याने खिडकीबाहेर तापमापक टांगला आणि रोज सकाळ-दुपार आकडे लिहिले. सलग चार दिवस आकडे रात्री गोठणबिंदूखाली आणि दुपारी वर गेले तेव्हा तो मीटिंगमध्ये माझ्या मागे येऊन ओरडला, “बाबा, भोक पाडा!” ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकलं. मराठी कुणालाच कळलं नाही, हे नशीब.

पण कुठल्याही झाडाला भोक पाडायचं नसतं. बुंध्याचा व्यास निदान दहा इंच हवा, नाहीतर झाडाला जाच होतो. झाड न कापता व्यास मोजायचा कसा? चिऊने आईची ओढणी बुंध्याला गुंडाळली, खूण केली, ओढणी पट्टीवर मोजली आणि आकड्याला ‘पाय’ने (π) भागलं. तीन झाडं पास झाली. चौथं नऊ इंचांचं निघालं, त्याला गोट्याने कुरवाळून खालच्याच वर्गात ठेवलं. मग मी ड्रिलने दोन इंच खोल, किंचित चढतं भोक पाडलं, तोटी ठोकली, आणि आई, थेंब पडला! बघायला निव्वळ पाणी. चव घेतली तर कुणीतरी तांब्यात साखरेचे चार दाणे टाकून विसरून गेल्यासारखी.

इथेच सगळी मेख होती. या पाण्यात साखर शंभराला दोन भाग. साधारण चाळीस लिटर आटवावं तेव्हा एक लिटर पाक. उसाच्या रसाचं वैभव काय असतं ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आठवड्यात साठ लिटर पाणी जमलं, आणि ते पाणी दुधासारखं नासतं, तेव्हा थांबायला सवड नाही.

पहिल्या बारा लिटरांचा बळी अण्णांनी घेतला. अण्णा, तुम्ही फोनवर म्हणालात, “मळी काढायला भेंडी घाला.” तुमच्या मनात होती रानभेंडीची ठेचलेली ताटं. पोरांनी फ्रीझरमधली गवारीशेजारची चिरलेल्या भेंडीची थैली फोडून आख्खी पातेल्यात ओतली. मी मीटिंग संपवून खाली आलो तेव्हा तुझी सून डाव वर उचलत होती आणि पातेलंही डावाबरोबर वर येऊ पाहत होतं. चिऊने वहीत लिहिलं: ‘प्रयोग फसला. पदार्थ ओळखता आला नाही.’ हा नमुना फायलीत लागलाय, पान एकोणीस. (प्रत्यक्ष नमुना नव्हे, वर्णन.)

मग चोवीस लिटर गॅसवर चढवलं. दारं-खिडक्या बंद, कारण बाहेर बर्फ. आता हिशोब कर. चोवीस लिटरातून शेवटी उरणार जेमतेम सहाशे मिली. बाकीचे तेवीस लिटर आणि वर थोडं, ते कुठे जाणार? मला हा प्रश्न पडलाच नाही. गोट्याला पडला. तो छताकडे बघत म्हणाला, “बाबा, घरात ढग आलाय.” थोड्या वेळाने भिंतीचा कागद वरच्या कोपऱ्यातून सुटला आणि अत्यंत संथपणे, एखाद्या थोर पुरुषाने रंगमंच सोडावा तसा, खाली उतरला. मी फोन करून हे सांगितलं तेव्हा अण्णा दोन मिनिटं नुसते हसत होते. मग म्हणाले, “अरे शहाण्या, घरात कोण गुऱ्हाळ घालतं?” अण्णा, एवढं वाक्य भेंडीच्या आधी बोलला असतात तर कागद वाचला असता.

तरी सहाशे मिली झाला! काय रंग, काय वास! पाणी २१२ अंश फॅरनहाइटला उकळतं, पाक त्याच्या सात अंश वर गेला की उतरवायचा. चिऊ तापमापक धरून डॉक्टरसारखी उभी होती. फेस वर यायला लागला की इथले लोक लोण्याचा थेंब टाकतात. आम्ही तूप टाकलं, फेस गुमान बसला.

यशाने माणूस चढतो. उरलेलं चोवीस लिटर मी एकट्याने आटवायला घेतलं, कारण सून ड्यूटीवर आणि पोरं झोपलेली. शेवटच्या टप्प्यात पाक सोडून कुठे जायचं नसतं. ऑफिसचा एक फोन आला, मी वर गेलो. फक्त पाच मिनिटं. आई, आटलेला पाक पाच मिनिटांत काय करतो ते मी लिहीत नाही. घरातले धुराचे भोंगे एकदम किंचाळले, धूर बाहेर गेला, समोरच्या आजींनी पाहिला आणि फोन फिरवला. आग नव्हती गं, नुसता कोळसा होता. पण लाल दिवे लावून बंब आला तो आलाच.

बंबातून उतरले ते पगारी जवान नव्हते. या राज्यात बहुतेक गावांचे बंब स्वयंसेवक चालवतात. पुढचा गडी दिवसा नळजोडणीचं काम करतो, त्याच्या मागची शाळेची बस चालवते. चिऊ झोपेतून उठून पायजम्यावर त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि विचारलं, “पगार नाही, तर मग रात्री येता कशाला?” पुढचा गडी म्हणाला, “तुझ्याकडे आज आम्ही आलो, उद्या माझ्याकडे दुसरं कुणी येईल.” मग तिने त्याला सांगितलं, की फिलाडेल्फियातलं असं पहिलं मंडळ बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली काढलं, आणि तो फ्रँकलिन दोनच वर्षं शाळेत गेला होता. हे दुसरं वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलं, पण निरोप तुझ्यासाठी होता. मी फक्त पोचवतोय.

त्या माणसाने पोरांना पेटलेल्या भांड्यावर पाणी न ओतता झाकण कसं सरकवायचं ते करून दाखवलं, गोट्याला शिरस्त्राण घालायला दिलं, आणि जिन्यातल्या एका भोंग्याची बॅटरी मेलेली आहे हेही शोधलं. म्हणजे फोनची आणि भोंग्याची, माझ्या घरात बॅटरीवर लक्ष ठेवणारा कुणीच नाही. सकाळी सून घरी आली, भिंत पाहिली, पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. वही उघडली आणि लिहिलं: ‘आगीचे धोके आणि बचाव: ३ तास, प्रात्यक्षिकासह.’

मग मी शहाणा झालो. परसात विटांची चूल मांडली, अण्णांच्या चुलवाणासारखी, तीन बाजू बंद आणि एक तोंड. चिपाडांऐवजी वाळक्या फांद्या. झाडांनी आणखी चाळीस लिटर दिलं, दिवसभर आटवलं, एक लिटर पाक पदरात पडला. गोट्याचा शर्ट अजून धुराचा वास सोडत नाही आणि गोट्या तो धुवू देत नाही.

आता तुझा वाटा. दर गुरुवारी अशी घरी शिकणारी सात घरं एकत्र जमतात. आमच्या पाळीला पॅनकेक केले, म्हणजे गोड आंबोळीच. दर घरामागे पाऊण कप पीठ, सात घरांना किती? बाकीची पोरं कागद-पेन्सिल शोधत होती, दोघांनी फोन काढले. चिऊ पीठ मोजता मोजता मान वर न करता म्हणाली, “सव्वापाच.” तिथल्या एका बाईंनी विचारलं, हे कसं आलं? तिने तुझी पाऊणकी सुरात म्हणून दाखवली, पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, तुझ्यासारखीच मान हलवत. दर रविवारी तू संध्याकाळी आणि आम्ही दात घासत घासत म्हणतो तीच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईंना आता पाऊणकी हवी आहे. तुझा नंबर देऊ का?

परवा चिऊने फायलीच्या पहिल्या पानावर ‘शिक्षक’ असं लिहून पुढे तुमची दोघांची नावं टाकली. मी म्हटलं, अगं, शपथपत्रावर माझी सही आहे. ती म्हणाली, “तुम्ही बारावी पास आहात ना, ते नोटरीला पुरे.”

अण्णा, एक विचारायचं राहिलं. पाक अजून पुढे नेला तर याचा गूळ पडेल का? आणि गोळी पाण्यात टाकून बघायची, ती किती घट्ट? गुळाच्या रव्याला बांधायचं फडकं म्हणून गोट्याने माझा पांढरा सदरा आधीच फाडून ठेवला आहे, तेव्हा ‘नाही’ म्हणायची वेळ निघून गेली.

दोघांनी तब्येतीला जपा. आईचा गुडघा कसा आहे ते कळवा. दादा-वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू

ता. क. बंबवाल्या काकांना पुन्हा बोलवायचं तर या वेळी काय जाळावं लागेल, असं गोट्या विचारतोय. मी उत्तर दिलेलं नाही. रविवारी तो तुला विचारील, तूही देऊ नकोस.