बिल्ल्याचा आवाज

मढच्या कोळीवाड्यात एकवीरा आईवरची श्रद्धा आणि स्पीकरच्या कंपनीवरची श्रद्धा यांत फारसा फरक करत नाहीत. फरक इतकाच, की आईच्या दर्शनाला कार्ल्याला वर्षातून एकदा जायचं असतं आणि कंपनीचं नाव रोज घ्यायचं असतं. आमच्या मामांच्या घरी एकाच परदेशी कंपनीचे स्पीकर आहेत. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मामा छापलेलं सगळं वाचतात आणि हळदीचं जेवण त्यांच्याच हातात असतं.

ही भक्ती वडिलोपार्जित. आजोबांकडे मर्फीचा रेडिओ होता. मर्फीचा कारखाना तेव्हा ठाण्यात, म्हणजे आमच्या मालाडहून लोकल बदलून जाता येईल इतका जवळ. पण आजोबांच्या लेखी तो रेडिओ थेट विलायतेच्या बोटीतून उतरलेला. मामांनी कंपनी बदलली, धर्म बदलला नाही. स्पीकर कसा वाजतो असं विचारलं, की ते म्हणतात, "अरे, आवाज काय, कोणाचाही येतो. नाव बघ नाव!" यावर उत्तर नाही.

त्यांच्या शेजाऱ्यांची निष्ठा बोसवर. बोस आडनाव बंगाली आहे एवढ्या बळावर त्यांनी कंपनीचं नातं सुभाषबाबूंशी जोडलेलं आहे. नातं काही नाही, पण अंदाज अगदीच वाया गेलेला नाही: कंपनीचे संस्थापक अमर बोस यांचे वडील ननी गोपाळ बोस हे खरोखरच बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेले. मला मजा वाटते ती मुलाच्या गोष्टीची. अमर बोस यांनी 1956 मध्ये, एमआयटीत शिकत असताना, कागदावरचे आकडे पाहून एक उत्तम संच विकत घेतला, घरी आणून लावला आणि ऐकून निराश झाले. त्या निराशेतून 1964 मध्ये कंपनी निघाली. म्हणजे ज्या माणसाने छापील मोठेपणावर विश्वास ठेवायचं सोडून कान उघडले, त्याचंच आडनाव आज लोक कान बंद करून विकत घेतात.

आकड्यांचीही एक वेगळी भक्ती असते. तिचं देऊळ लॅमिंग्टन रोडला. तिथे विटेएवढ्या डब्यावर 'पाच हजार वॉट पीएमपीओ' असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं पाहून माझा भाचा हरखला होता. घरातल्या 5 अँपिअरच्या प्लगमधून 230 व्होल्टला सतत साडेअकराशे वॉटपेक्षा जास्त काही ओढता येत नाही. उरलेले वॉट रंगकाम करणाऱ्याने दिलेले असतात. शिवाय दुकानदाराला जो माल खपवायचा असतो, त्याचा आवाज तो बोटभर वाढवून ठेवतो. कानाला जरा मोठा वाजलेला स्पीकर चांगलाच वाटतो. यात अडाणी-शहाणा भेद नाही.

पण सगळ्यात मोठा चोर कान नाही, डोळा. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी अमेरिकेत हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्याच चाळीस कर्मचाऱ्यांना बसवून चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड, एकदा उघड. पडद्याआड ज्या छोट्या, स्वस्त, प्लास्टिकच्या संचाने बरे गुण मिळवले होते, तो समोर दिसताच धाडकन खाली आला, आणि भारदस्त दिसणारे आपल्या घरचे स्पीकर वर चढले. पगार देणाऱ्या कंपनीचा स्पीकर कानाला गोड लागावा, यात माणुसकीच आहे.

हा प्रयोग मढला करायचाच असं मी ठरवलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि पुरुष माणसांना भांडायला विषय हवा असतो. मामींच्या जुन्या लुगड्याचा पडदा केला. मागे तीन पेट्या: मामांची, भाच्याने हप्त्यावर घेतलेली चकचकीत, आणि गावातल्या दुरुस्तीवाल्याने लॅमिंग्टन रोडचे सुटे भाग आणून प्लायवूडच्या खोक्यात बसवलेली, बिननावाची. कोपऱ्यात ठेवलेली पेटी फुकटचा ढमढमाट करते, म्हणून तिन्ही आळीपाळीने एकाच स्टुलावर. आवाज मोबाइलवर मोजून सारखा. गाणं एकच, हळदीच्या बेंजोचं, कारण इथे दुसरं प्रमाण कोणी मानत नाही. मध्येच बाजूच्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग चाललेलं, तिथून एक मुलगा "सायलेन्स प्लीज" म्हणत आला. मामींनी त्याला बोंबलाचं कालवण घालून परीक्षकांत बसवला.

मामा डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या पेटीला म्हणाले, "घसा बसलाय." दुसरीला, "नुसता आरडाओरडा." तिसरी वाजली आणि त्यांची मान डोलू लागली. "बघा! याला म्हणतात कंपनी. आमचाच आहे हा."

लुगडं सरकलं. तिसरी पेटी प्लायवूडची होती. घसा बसलेली, अर्थातच, मामांची.

त्यात त्या पेटीचा तसा दोष नाही. स्पीकरच्या शंकूच्या कडेला असते ती फोमची कडी दमट हवेत वर्षानुवर्षे राहिली की आपोआप भुसा होते, आणि मढची खारी हवा तारांच्या टोकांना हिरवा रंग देते. ही हवा गॅरंटीकार्ड वाचत नाही. पण मामा असल्या कारणांनी विरघळणारे नव्हते. ते म्हणाले, "आत आमच्या कंपनीचाच माल असणार, त्या पोराने चोरून घातलेला." लगेच पेचकस मागवला. आत नाव, गाव, काही नव्हतं. मामा बराच वेळ त्या निनावी शंकूकडे बघत होते.

मग त्यांनी आपल्या जुन्या पेटीवरचा पितळी बिल्ला नखाने उचकटला आणि फेव्हिकॉल लावून प्लायवूडवर ठोकला. आता तीच पेटी दिवाणखान्यात वाजते. बिल्ला लावल्यापासून आवाज अजून खुलला, असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. टूल आणि ऑलिव्ह यांच्या हिशोबाने त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. परवा दुरुस्तीवालाही ऐकून गेला आणि निघताना हळूच विचारत होता, "मामा, असे बिल्ले अजून आहेत का हो?"