भावजींची गुहा

आमचे भावजी अराकूला जाऊन बोरा गुहा बघून आले, आणि तेव्हापासून घरात चुनखडीशिवाय दुसरा विषय उरला नाही. चहात साखर ढवळतानाही सुरू. "हेच ते! पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, चुनखडी अशीच विरघळवतं. आत पोकळी वाढत जाते, छत पातळ होतं, नि एक दिवस धाडकन खाली!" बोरा गुहेचं म्हणे छताच्या भोकातून गाय आत पडली, तिला शोधायला गेलेल्यांना गुहा सापडली.

एका रविवारी आसनगाव लोकलने खडवलीला उतरलो. भातसा नदीत पाय सोडून बटाटेवडे खायचे, एवढाच बेत. पण झुडपामागे भावजींना भगदाड दिसलं. वरची दरड खचलेली, तोंडाशी दगडमातीचा ढीग.

"कोसळलेली गुहा!"

"भावजी, हा काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चहात साखर विरघळते, खलबत्ता नाही विरघळत."

हे मी त्यांच्या चपलांना सांगत होतो, कारण बाकीचे भावजी आत गेले होते. आपल्या कातळात पोकळी हवी तर छिन्नीच घ्यावी लागते. लोनाडची लेणी बघा, तिथे माणसांनी हात झिजवलेत. फुकट काही मिळत नाही या दगडाकडून.

"वारा लागतोय!" आतून आवाज. "थेट माहुलीला निघत असणार!"

आपल्याकडचं कुठलंही भोक जवळच्या किल्ल्यावरच निघतं. बाजारात किंवा पोस्टात निघालेलं भुयार मी तरी ऐकलेलं नाही.

मोबाइलचा उजेड थोडा हलला, मग थांबला. भावजी पोटाशी अडकले होते. मी एक पाय धरून ओढत होतो, इतक्यात म्हशी घेऊन चाललेले एक बाबा थांबले. त्यांनी आधी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत सायाळ ऱ्हाते, बरं का."

त्यानंतर ओढावं लागलं नाही. शर्टाची दोन बटणं आत राहिली. मुठीत काळापांढरा, वीतभर काटा बाहेर आला.

परतीच्या लोकलमध्ये टिटवाळा गेलं, आंबिवली गेलं, भावजी गप्प. वडेही गार झालेले. शहाड आलं तेव्हा काटा खिशात नीट सरकवत म्हणाले,

"तिथे गाय होती, इथे सायाळ. सुरुवात तर तशीच झाली ना?"