सोमवारची उधारी

दीड वर्षाचं वेळापत्रक आखणं हा अभ्यासातला सर्वांत सुखाचा भाग. पट्टी लागते, रंगीत पेनं लागतात आणि अजून एकही दिवस बुडालेला नसतो. फर्दापूरच्या माझ्या भाचीनं अकरावीत गेल्याबरोबर कायद्याच्या प्रवेशपरीक्षेपर्यंतचा, म्हणजे 'क्लॅट'पर्यंतचा सगळा काळ एका कार्डशीटवर बसवला. पहाटे पाचला इंग्रजी, सहाला तर्क, रात्री चालू घडामोडी. डोळ्यांपुढं छत्रपती संभाजीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, २०१७ साली सुरू झालेलं, गावापासून शंभरेक किलोमीटरवर.

पहिला पेच रविवारचा. तो तिनं सुटीचा धरला होता. पण फर्दापूरला रविवारी कसली सुटी? टी पॉइंटला गाड्या लावून अजिंठा लेण्यांच्या बसकडे धावणारी गर्दी त्याच दिवशी दाटते. दाजींचं स्फटिकाच्या दगडांचं दुकान, त्यामुळं घरातला प्रत्येक हात तिथं लागतो. लेणी बंद असतात ती सोमवारी. मग सुटी सोमवारच्या संध्याकाळी सरकली.

दाजींना परीक्षा समजायला वेळ लागला. १२० प्रश्न, दोन तास, हे त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात म्हटल्यावर मात्र ते सावरून बसले. "म्हणजे चार सौदे फसले की एक दगड फुकट गेला!"

मी म्हटलं, सोमवारी सुटी नको, उधारी ठेव. आठवडाभरात जे राहील ते त्या संध्याकाळी फेडायचं. वेळापत्रक मोडतं ते आळसानं कमी, आणि एक दिवस बुडाला की पुढचे सगळे रागानं सोडून दिल्यानं जास्त.

वर अजिंठ्याचा दाखला दिला. तिथले कारागीर आधी छत कोरून घेत आणि मग खाली उतरत. चोविसावं लेणं अर्धवट राहिलं, म्हणून त्यांची रीत उघडी दिसते: समांतर बोळ खोदायचे, मग मधल्या भिंती फोडायच्या. वाकाटक राजा हरिषेण गेला, आश्रय आटला, छिन्न्या थांबल्या. तरी जेवढं कोरलं तेवढं पक्कं उभं आहे. तुझंही तसंच कर. २०२० पासून पेपर उताऱ्यांवर बेतलेला असतो, गणितसुद्धा. तेव्हा वाचन हे छत. पहिले सहा महिने तेच कोर, बाकीचे विषय खाली उतरताना येतील.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, पण त्यांना परीक्षेची तारीख कुठं होती? अर्धं राहिलं तरी लोक तिकीट काढून बघायला येतात. माझं अर्धं कोण बघणार?"

उत्तर सुचेना. अंदाजानं ठोकून देता आलं असतं, पण पाव गुण कोण घालवणार? मी प्रश्न सोडून दिला.