सहा तास धरा!

टॉवरच्या जाहिरातीत हल्ली गच्चीवर लॉन असतं, लॉनवर योगासनं करणारं जोडपं असतं आणि खाली एक ओळ असते: पर्यावरणपूरक. पाऊस मात्र त्या चित्रात कधीच नसतो.

हिरव्या गच्चीमुळे शहरातलं तुंबणं कमी होतं, हे खोटं नाही. दहा सेंटिमीटर मातीचा थर अंदाजे तीसेक मिलिमीटर पाऊस पोटात घेतो. कोरडा असेल तर! आणि मुंबईत जुलैच्या मध्याला माती कोरडी असणं म्हणजे लोकलमध्ये खिडकीची जागा मिळणं. भिजून गच्च झालेल्या मातीवर पडलेलं पाणी थोडं रेंगाळतं आणि गच्चीच्या पाइपाची वाट धरतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यातून तीस वजा करून बघा.

मुंबईचं खरं दुखणं समुद्र आहे. इथल्या अनेक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठ्या भरतीत दारं लावायची, पंप चालवायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. पण भरती ओसरायला साधारण सहा तास लागतात. म्हणजे गच्चीनं पाणी कायमचं गिळावं अशी अपेक्षाच नाही. सहा तास धरलं तरी नाल्यावर उपकार.

त्यासाठी लॉन नको, लॉनखाली पोकळी हवी. किंवा इमारतीच्या पायथ्याशी टाकी आणि तिला बारीक भोक, म्हणजे पाणी सावकाश सुटेल. बँकॉकजवळच्या थम्मासात विद्यापीठानं 2019 मध्ये छतावर भाताच्या खाचरांसारखे टप्पे केले; पाणी एकेक टप्पा उतरत खालच्या तळ्यांत जातं. तिथे मातीला एकटीला लढायला लावलेलं नाही.

आपले जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने तो आकडा 50 वर न्यायचं ठरवलं. तासाला 50 म्हणजे 400 चौरस मीटरच्या गच्चीवरून 20 हजार लिटर. दोन मोठे टँकर! मे महिन्यात याच टँकरसाठी सोसायटी वर्गणी काढते, आणि जुलैत तेवढंच पाणी तासाभरात फुकटात रस्त्यावर सोडून देते.

जुन्या इमारतीच्या स्लॅबला ओल्या मातीचं ओझं झेपेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावंच लागतं. ती शंका रास्त. पण सोसायटीच्या सभेत विषय तिथवर पोचतच नाही. टाकी म्हटलं की खजिनदारांना डास दिसतात, माती म्हटलं की वरच्या मजल्यावाल्यांना लीकेज. मग एकमताने ठराव होतो: गच्चीवर पत्र्याची शेड. उतार रस्त्याच्या बाजूला.