ओळंबेकाका

नवे टायर बसवून झाले, चारही चाकांच्या कडांना शिशाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे ठोकून त्यांचा तोल साधून झाला, आणि बिलाची शेवटची बेरीज मांडण्यापूर्वी दुकानातल्या पोराने कानावरची पेन्सिल काढून ‘साहेब, अलाइनमेंट पण मारून घेऊ ना?’ असे विचारले, त्या क्षणी कोणत्याही सामान्य संसारी गृहस्थाने जे केले असते ते, म्हणजे मुकाट्याने मान डोलावून चारपाचशे रुपये जास्त देणे, मला करता आले नाही, आणि याचे एकमेव कारण आमच्या वसाहतीतील ओळंबेकाका हे होय. ‘मला विचारल्याखेरीज होकार देऊ नका आणि नकारही देऊ नका,’ अशी त्यांची सक्त ताकीद होती. मी पोराला म्हणालो, ‘बघू नंतर.’ त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी पूर्वी एकदाच, लग्नाच्या बोलणीत ‘घरी विचारून कळवतो’ म्हणालो होतो तेव्हा पाहिली होती.

ओळंबे हे त्यांचे आडनाव नव्हे. खरे आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, परंतु वसाहतीत ते कुणी उच्चारीत नाही. उभी हयात त्यांनी सरकारच्या मोजणी खात्यात घालवली. ३३ फुटांची सोळा आण्यांची साखळी शिपायाच्या खांद्यावर देऊन, बांध कोरणाऱ्या भावकीच्या ऐन मधोमध उभे राहून, गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, एकूण १०८९ चौरस फूट, यात कुणाच्या बापाच्या सांगण्यावरून वीतभरही फरक पडणार नाही, असे बजावीत त्यांनी तीन जिल्हे पायाखाली घातले. निवृत्त होऊन ते पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहावयास आले, आणि तेथे त्यांना मोजण्यासारखे काही उरले नाही. पहिल्या वर्षी त्यांनी संस्थेची कुंपणभिंत मोजली. ती मंजूर नकाशापेक्षा नऊ इंच आत असल्याचे निष्पन्न झाले. तो विषय तीन वार्षिक सभांत तहकूब होऊन शेवटी इतिवृत्तातच समाधिस्थ झाला. दुसऱ्या वर्षी खिशातला पितळी ओळंबा सोडून ते जिन्याच्या भिंती तपासू लागले, आणि त्यावरून त्यांना हे नाव पडले. तिसऱ्या वर्षी त्यांची दृष्टी वाहनतळाकडे वळली, जेथे साठएक मोटारी दोनशे चाळीस चाकांवर, त्यांच्या मते जवळजवळ सर्वच वाकड्या, उभ्या होत्या.

दोनशे चाळीस हा आकडाही त्यांना मान्य नाही. प्रत्येक गाडीला पाचवे चाक असतेच, ते मोजणीतून का वगळायचे? त्या पाचव्या चाकाला आपण स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला, तेथे १९०४ साली जादा चाक बनवण्याचा धंदा निघाला होता, ही हकीकत ते ज्या गांभीर्याने सांगतात त्यावरून ऐकणाऱ्याला वाटावे की त्या गावचा फेरफारही त्यांनीच नोंदवला असावा.

असा एकेक गृहस्थ प्रत्येक वसाहतीत असतोच. कुठे तो पाण्याच्या टाकीचा जाणकार असतो, कुठे लिफ्टचा. दुरून पाहणाऱ्याला वाटते की हा माणूस कंजूष आहे आणि दुकानदाराला चार पैसे मिळू नयेत एवढ्याचसाठी याचा खटाटोप चालला आहे. पण ओळंबेकाकांना ओळखणारा कुणीही शपथेवर सांगेल की चारशे रुपयांचा प्रश्न सोडवण्यासाठी त्यांनी स्वतःचे सहाशे रुपये रिक्षाभाड्यात घालवलेले आहेत. त्यांना हवी असते रीतसर चौकशी. आणि एकदा निकाल लागला की चौकशी संपते, म्हणून निकालाच्या जवळ येताच त्यांना एखादा नवा मुद्दा सुचतो. उलट आमच्याच मजल्यावरचे एक तरुण अभियंते असे आहेत की दुकानदाराने सांगितले तर चाकात नायट्रोजनच काय, गुलाबपाणीही भरून घेतील. काका त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलत नाहीत.

मूळ सिद्धांताबाबत मात्र काकांचे म्हणणे बिनतोड आहे, आणि मी ते येथे त्यांच्या न्यायासाठी नमूद करतो. टायर बदलल्याने अलाइनमेंट बदलत नाही. कोन टायरात नसतात, गाडीच्या हाडांत असतात. ‘पायताण नवे घेतले म्हणून माणसाची फेंगडी चाल सुधारत नाही की बिघडत नाही,’ ते म्हणतात, ‘पण फेंगड्या माणसाने नवे पायताण घेतले, तर तेही जुन्यासारखेच एका बाजूने खाल्ले जाणार, हे चांभाराला विचारायची गरज नाही.’ मग ते स्वतः उभे राहून दाखवतात: चवडे आत किंवा बाहेर वळले की तो टो, चाक वरच्या अंगाने आत किंवा बाहेर कलले की तो कॅम्बर, आणि सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे रेललेला असतो तसा सुकाणूचा आस रेललेला असला की तो कास्टर, ज्याच्या कृपेने वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येते. लहान गाड्यांत यातले शेवटचे दोन कोन बहुधा कारखान्यातच कायम झालेले असतात. मिस्त्रीच्या पान्याला वश होतो तो एकटा टो, टाय रॉडचे आटे फिरवून. ‘आणि तोच सर्वांत लबाड,’ काका सांगतात. एका चाकाची दिशा एका अंशाने चुकली, तर दर किलोमीटरमागे ते चाक सतरा मीटरांहून जास्त आडवे फरफटत जाते. हा हिशेब मी घरी मुलाकडून त्रिकोणमितीने करवून घेतला. तो बरोबर निघाला.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की गाडीची हाडे सरळ आहेत की नाहीत, आणि येथून काकांचे खरे कार्यक्षेत्र सुरू होते.

त्यांच्या आदेशानुसार मी जुने टायर दुकानदाराला न देता घरी आणले होते. दुकानदार त्यांचे काही थोडे पैसे देत होता. काका म्हणाले, ‘मुद्देमाल विकतात काय?’ चार टायर सज्जात रचले गेले, तेव्हा घरातून जी प्रतिक्रिया आली ती मी येथे देत नाही. रविवारी सकाळी काका आले, पाटावर बसले, आणि शिलालेख वाचावा तसे टायर वाचू लागले. १६५/८० आर १४: रुंदी १६५ मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के, बांधणी रेडियल, रिम १४ इंची. चार आकड्यांचा शिक्का २३१९: म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला जन्म. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे जे उंचवटे असतात, जे उघडे पडले की टायर संपला असे समजावयाचे, ते एका टायरात नुकतेच डोकावत होते. मग त्यांनी डोळे मिटून तळहात नक्षीवरून आतून बाहेर नेला, बाहेरून आत आणला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखे. माझाही हात धरून त्यांनी फिरवला. खरोखरच रबराच्या कडा बोटांना अडत होत्या. आतली कडही बाहेरच्या कडेहून चांगलीच खाल्लेली होती. ‘टो बाहेर गेलेला आहे,’ मी उत्साहाने म्हणालो, कारण एव्हाना मलाही ते शास्त्र थोडे चढू लागले होते.

‘हा टायर पुढच्या डाव्या चाकाचा?’ काकांनी विचारले.

‘हो. म्हणजे, असावा.’

‘चाकांची अदलाबदल शेवटची कधी केली होती?’

मला आठवेना. गेल्या दिवाळीच्या सुमारास सर्व्हिसिंगला गाडी दिली होती, तेव्हा पुढची मागे झाली असल्यास न कळे. काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. साक्षीदार जागेवरून हलवण्यात आला होता. पुरावा ग्राह्य धरता येत नव्हता. त्यांनी वहीत शेरा मारला: ‘मुद्देमालाची मूळ जागा संशयित. प्रत्यक्ष स्थळपाहणी आवश्यक.’

स्थळपाहणी म्हणजे पहाटे साडेपाचला पानशेतच्या रस्त्यावर गाडी चालवणे. सरळ भाग पाहून मी चाळिसाच्या वेगात स्टेअरिंगवरचे हात सैल सोडले. काकांनी मोठ्याने आकडे मोजले. सातव्या आकड्याला गाडी डावीकडच्या कडेला झुकली. ‘ओढते!’ मी ओरडलो. काका शांतपणे म्हणाले, ‘रस्ता ओढतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधतात. डाव्या बाजूने चालणारी कुठलीही निर्दोष गाडी हात सोडले की थोडी डावीकडेच जाणार. तिचा स्वभाव पाहायचा तर एकदा उजव्या उतारावरून चालवून पाहिली पाहिजे.’

‘मग पाहू या. समोर कुणी नाही.’

‘उजव्या बाजूने गाडी चालवणे हा गुन्हा आहे,’ काका म्हणाले, आणि अखंड सरकारी सेवेचे तेज त्यांच्या मुद्रेवर पसरले. अशा रीतीने जी चाचणी झाली ती निर्णायक नव्हती, आणि जी निर्णायक होती ती बेकायदा होती. आम्ही वाटेत खडकवासल्याला भजी खाऊन परत आलो.

तिसऱ्या टप्प्यात दोरी आली. गणेशोत्सवाच्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या गाडीच्या चार कोपऱ्यांना मांडून, त्यांवर विटा ठेवून, चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंनी काकांनी पांढरी सुती दोरी ताणली. पुढच्या दोन चाकांमधले अंतर आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर सारखे नसते, म्हणून दोरी गाडीला समांतर आणण्यातच पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात काकांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता होती ती मी त्यांच्या नातवाच्या मुंजीतही पाहिलेली नाही. वसाहतीचा पहारेकरी एक टोक धरून उभा होता. पोलादी पट्टी रिमच्या पुढच्या कडेला टेकली, मग मागच्या. पुढचे डावे चाक: दोरीपासून पुढे ९३, मागे ९५. काकांनी तीनदा मोजले. दोन मिलिमीटर. चवडा बाहेर. वहीत आकडा उतरला आणि मी निकालाच्या आशेने श्वास रोखला. तोच पेपरवाल्या पोराची सायकल दोरीला घासून गेली, आणि एक खुर्ची बोटभर सरकली.

‘आकडा आधी लिहिला होता,’ मी अजिजीने म्हणालो.

‘लिहिला होता. पण खुर्ची त्याच्या आधी सरकलेली नव्हती याला पुरावा काय?’ शेरा: ‘मोजणी संशयास्पद. फेरमोजणी व्हावी.’ फेरमोजणी पुढल्या रविवारी नेमण्यात आली. त्या रविवारी पाऊस पडला, त्याच्या पुढच्या रविवारी पहारेकरी गावी गेला.

कबूल करण्यास लाज वाटते, पण एका बुधवारी संध्याकाळी, कचेरीतून परतताना, मी चोरासारखा नाना पेठेत शिरलो. तेथल्या दुकानात चाकांना आरशासारख्या तबकड्या अडकवल्या गेल्या, समोरच्या खांबावरच्या कॅमेऱ्यांनी त्या न्याहाळल्या, पडद्यावर माझ्या गाडीचा सांगाडा उमटला, मिस्त्रीने खड्ड्यात उतरून टाय रॉडला पान्याचे दोन फेरे दिले, आणि वीस मिनिटांत सर्व आटोपले. हातात छापील कागद आला. पूर्वीचा रकाना, नंतरचा रकाना. पुढचे डावे चाक, टो, पूर्वी: उणे ०.२९ अंश, लाल अक्षरांत. नंतर: हिरवे.

घरी येऊन मी मुलाची वही ओढली. रिमच्या कडेकडेचे अंतर सुमारे ३९० मिलिमीटर, फरक दोन मिलिमीटर. कोन येतो ०.२९ अंश. सुती दोरी, चार खुर्च्या आणि विटा यांच्या बळावर म्हाताऱ्याने काढलेला आकडा कॅमेऱ्यांच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता, आणि एका सायकलीपायी त्याने तो स्वतःच रद्दबातल ठरवला होता.

कागद लपवायचा माझा निश्चय रात्रभर टिकला, सकाळी टिकला नाही. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी त्यांच्या परवानगीवाचून गेलो याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, मी ०.२९ वर बोट ठेवले आणि ‘काका, तुमचे दोन मिलिमीटर बरोबर होते’ असे सांगितले, त्यावर ‘असायचेच’ एवढेच म्हणून त्यांची नजर खालच्या ओळींवर उतरली. मागचे डावे चाक. पूर्वी ०.१२, नंतर ०.०९.

‘मागे काही फिरवले का त्यांनी?’

‘नाही. मागे फिरवण्यासारखे काही नसतेच म्हणाला मिस्त्री. आडवा दांडा अखंड असतो.’

‘अगदी बरोबर. त्याला आटाच नाही,’ काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकाएकी दहा वर्षांनी तरुण झाला. ‘मग ज्याला कुणी हात लावला नाही ते चाक बाराचे नऊ झाले कसे?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वीस मिनिटांच्या मोजणीत तेवढा फरक चालायचाच, असे मी पुटपुटलो; पण ज्याने बांधाच्या वीतभर जमिनीसाठी तलाठ्यापासून प्रांतापर्यंत कागद फिरवलेला, त्याला ‘चालायचेच’ म्हणण्यात काय अर्थ होता? ते आत गेले. बाहेर आले तेव्हा दोरीचे बंडल काखेत होते आणि पोलादी पट्टी सदऱ्याच्या खिशातून डोकावत होती.

‘पहारेकरी अजून आला नाही गावाहून,’ मी म्हणालो.

‘तुम्ही आहात की.’

खुर्च्या त्यांनीच मांडल्या, विटा मी वाहिल्या. सकाळी आठची वेळ. अभियंते गाडी काढून निघाले होते, त्यांना हात करून आम्ही थांबवले. काका डाव्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटला, आणि दोरीचे दुसरे टोक माझ्या हातात देत म्हणाले, ‘जरा ताणून धरा. हलू नका.’