सहीपुरते विश्वस्त

घरचा कारखाना भावाभावांच्या वाटणीत फुटू नये म्हणून शेअर्स कौटुंबिक ट्रस्टमध्ये ठेवायचे, ही वाट आता बरीच कुटुंबे धरतात. हेतू चांगलाच आहे. पण विश्वस्त कोण? थोरला मुलगा, मामा आणि घरचे सीए. कारभार थोरला बघतो. उरलेले दोघे तो दाखवील तिथे सही करतात. माझा आक्षेप या दोघांवर आहे.

खासगी ट्रस्टचा कायदा १८८२ चा आहे. विश्वस्त होण्याची सक्ती तो कुणावर करत नाही. पण एकदा पद घेतले की स्वतःच्या मालमत्तेची घ्यावी तितकी काळजी घेणे भाग आहे. ट्रस्टपत्रात वेगळे लिहिले नसेल, तर निर्णय सगळ्यांनी मिळूनच घ्यायचे. आणि कलम २६ मामांनी जरूर वाचावे: दुसरा विश्वस्त गैरव्यवहार करतोय हे कळूनही वेळेत पावले उचलली नाहीत, तर भरपाईला तेही जबाबदार. ‘मी फक्त सही केली’ हा बचाव तिथे चालत नाही.

सगळा कारभार एकाच्याच हाती असला की काय होते, ते ऑस्ट्रेलियात दिसले. तिथले खाणमालक लँग हँकॉक यांनी १९८८ मध्ये चार नातवंडांसाठी ट्रस्ट केला. पुढे विश्वस्त झाली त्या मुलांची आई, जीना राइनहार्ट. धाकटी २५ वर्षांची झाली की, म्हणजे सप्टेंबर २०११ मध्ये, शेअर्स मुलांकडे जायचे होते. ऐन तोंडावर आईने कळवले, आत्ता ताबा घेतलात तर करापायी दिवाळे निघेल. मुदत २०६८ पर्यंत वाढवू. थोरली तीन मुले कोर्टात गेली. २०१५ मध्ये न्यायालयाने विश्वस्तपद मुलीकडे, बियांकाकडे सोपवले. आई एकटी विश्वस्त होती, शेजारी बसून ‘थांब’ म्हणणारे कुणी नव्हते. आपल्याकडे कागदावर तिघे असतात आणि प्रत्यक्षात एकच.

आपल्याकडच्या अशा खासगी ट्रस्टवर धर्मादाय आयुक्तांची नजर नसते, त्यांचे काम सार्वजनिक न्यासांपुरते. म्हणून लाभार्थ्याने हिशेब मागणे हीच खरी तपासणी. कलम ५७ ने ट्रस्टपत्र आणि हिशेब पाहण्याचा, नक्कल घेण्याचा हक्क लाभार्थ्याला दिला आहे. सासरी गेलेली मुलगी लाभार्थी असेल तर तिलाही. तिने तो वापरला तर ‘भाऊबंदकी करते’ म्हणून तिला गप्प बसवणे हा अन्याय आहे. आणि तिने मागण्याआधी मामांनी ते हिशेब स्वतः वाचलेले असले पाहिजेत.