फोटोपुरती ज्योत

गोबरगॅस फुकट मिळतो, हे वाक्य मी आजवर एकाही बाईच्या तोंडून ऐकलेले नाही. म्हणणारे सगळे पुरुष, आणि त्यातले निम्मे व्यासपीठावर.

फुकटचा हिशेब एकदा मांडून बघू. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलो शेण लागते आणि जवळजवळ तेवढेच पाणी. म्हणजे रोज शंभर किलोचा शेणकाला. त्यातल्या काड्या, खडे, कडब्याचे तुकडे हाताने वेचायचे, गुठळ्या हातानेच फोडायच्या. प्रकल्प अहवालात शेण ‘उपलब्ध’ असते. गोठ्यातून टाकीपर्यंत ते बहुधा आपले आपण चालत येते. प्रत्यक्षात ते वहिनींच्या डोक्यावरून येते.

या कामाचा रोज एक तास धरू. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. आठ तासांनी भागले की तासाचे ३९ होतात, वर्षाचे १४,२३५. राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरच्या टाकीला सर्वसाधारण गटासाठी केंद्राचे अनुदान होते १४,३५०. म्हणजे वहिनींच्या पहिल्याच वर्षाच्या मजुरीत सरकारचे पैसे संपले, ११५ रुपये उरले. त्यात एक घमेले घ्यावे. दुसऱ्या वर्षापासून वहिनी सरकारला अनुदान देऊ लागतात. फक्त त्याचा कोणी मेळावा भरवत नाही. सरकारचे अनुदान मात्र भाऊंच्या खात्यावर जमा होते, कारण गोठ्याचा उतारा भाऊंच्या नावावर.

तंत्राला नावे ठेवायला जागा नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढला गेला. पुढे जशभाई पटेलांची तरंगती टाकी आली, ती खादी आयोगाने गावोगाव नेली. तिचे लोखंड गंजायचे; १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ आले. हवामानही आपल्याच पक्षाचे. टाकीतल्या जिवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपास बरे वाटते. जर्मनीत त्यांच्यासाठी टाकी तापवावी लागते, आपल्याकडे हे काम ऊन करते. शेण कुजायला उत्तरेच्या डोंगरात पंचावन्न दिवस धरतात, आपल्याकडे त्याहून कमी, केरळात तीसच. उष्ण कटिबंधात जन्माला आल्याचा असा फायदा दुसरा नाही.

अडते ते गोठ्यात. पन्नास किलो शेणाला चार-पाच जनावरे हवीत, तीही दावणीला बांधलेली. चरायला गेलेल्या गाईचे निम्मे शेण रानातच राहते. ट्रॅक्टर आला, बैल गेले, दावणीला दोन जनावरे उरली. त्यांच्या वीस किलो शेणातून महिन्याला जेमतेम दहा किलो एलपीजीइतका गॅस निघतो. अशा घराला एक घनमीटरची टाकी पुरे. पण तिला अनुदान होते ९,८०० आणि मोठीला साडेचार हजार जास्त. मग दोन जनावरांचा मालक मोठीच बांधतो आणि टाकी जन्मभर अर्धपोटी राहते. दोष कोणाचाच नसतो. कागदावर सगळ्यांची जनावरे धष्टपुष्ट असतात.

गॅस हे खरे तर जोडउत्पन्न. मुख्य माल म्हणजे टाकीतून बाहेर पडणारी स्लरी. शेणातले नत्र बरेचसे तिच्यात टिकते आणि ते पिकाला लवकर मिळते. पण शेजारच्या दुकानात पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते, अनुदानावर. उज्ज्वलाच्या सिलिंडरलाही सवलत आहे. म्हणजे सरकार गोबरगॅसला एकदा पैसे देते आणि त्याच्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना दरवर्षी. वर अहवालात लिहिते, लाभार्थ्यांचा उत्साह टिकत नाही.

उत्साह फोटोपर्यंत मात्र नक्की टिकतो. पाटी, लाभार्थी आणि निळी ज्योत, तिघे एका चौकटीत आले की बिल निघते. त्यानंतर ज्योतीची चौकशी करायला कोणी फिरकत नाही. इनलेटच्या हौदात कोंबड्या बसल्या तरी कागदावर टाकी चालूच असते. पाटीचा रंग चांगला असतो, तो घुमटापेक्षा जास्त टिकतो.

लहान टाकी पेलली नाही म्हणून आपण मोठीकडे वळलो. २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आली. पाच हजार प्रकल्प, वर्षाला दीड कोटी टन बायोगॅस, आणि तेही पाच वर्षांत. मुदत संपली तेव्हा चालू प्रकल्पांची शंभरीही भरली नव्हती. नाव ‘सतत’ असल्यामुळे मुदत वाढवायला अडचण येत नाही.

नवी योजना लिहायला बसणाऱ्या साहेबांना एकच विनंती. अनुदान खड्ड्याला एकरकमी देऊ नका. टाकी पेटती राहील तितके महिने ते द्या, दर महिन्याला, आणि वहिनींच्या खात्यावर.